अंगानं बारीक, तरी शुगर कशी?

 

गटाच्या बैठकीत तपासणीचा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अगं, मी पंचेचाळीस किलोची बाई, मला कुठली शुगर? ती जाड माणसांना होती. गोडधोड खाणाऱ्यांना होती. पुण्या-मुंबईत खुर्चीत बसून राहणाऱ्यांना होती." हे म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. तिनं आयुष्यभर तसंच ऐकलंय. आजचं माझं बोलणं या एका वाक्यावरच आहे, कारण या वाक्यापायी आपल्याकडच्या कितीतरी बाया तपासणीच्या रांगेत उभ्याच राहत नाहीत.

आधी थोडे आकडे सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं म्हणजे आयसीएमआरनं देशभर एक मोठी पाहणी केली. २००८ ते २०२० या काळात ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतली एक लाख तेरा हजारांवर माणसं तपासली आणि निकाल २०२३ साली जाहीर केला. वीस वर्षांवरच्या शंभर माणसांत ११ जणांना मधुमेह निघाला. देशाचा हिशेब केला तर दहा कोटींच्या वर माणसं. त्याशिवाय १३ कोटी ६० लाख माणसं अशी, की ज्यांची साखर वाढलेली आहे पण अजून मधुमेहाच्या रेषेला पोचलेली नाही. ती मधुमेहाच्या उंबऱ्यावर उभी आहेत असं समजा.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट ऐका. मधुमेह झालेल्यांमध्ये शहर पुढं आहे. शहरात शंभरात १६, खेड्यात ९. पण उंबऱ्यावर उभ्या असलेल्यांचा आकडा शहरात १५ आणि खेड्यातही १५. म्हणजे शहरात जे होऊन गेलंय, ते आपल्याकडं व्हायच्या बेतात आहे. आणि पोटाचा घेर प्रमाणाबाहेर वाढलेली माणसं शंभरात जवळजवळ ४०.

दुसरी एक पाहणी सरकार दर काही वर्षांनी करतं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्यात १५ ते ४९ वयाच्या बायांची वजनं घेतात. २००५-०६ साली देशातल्या शंभर बायांत १२-१३ जणींचं वजन उंचीच्या मानानं जास्त होतं. २०१९-२१ ला तोच आकडा २४ झाला. पंधरा वर्षांत दुप्पट. त्याच पाहणीत शंभरातल्या जवळपास १९ बाया हडकुळ्या निघाल्या आणि ५७ जणींच्या अंगात रक्त कमी. एकाच देशात, एकाच गावात, कधी कधी एकाच घरात सासू जाड, सून हडकुळी, आणि दोघींच्याही अंगात रक्त कमी. हे कोडं सुटल्याशिवाय आपल्याकडची शुगर समजत नाही.

कोडं सोडवायला मदत झाली ती आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या बायांची. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पुण्यात केईएम रुग्णालय आहे. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे पेशंट बघायचे. पुस्तकात लिहिलेलं असायचं, की हा मधुमेह उतारवयात आणि लठ्ठ माणसांना होतो. त्यांच्यासमोर येणारी माणसं तरुण आणि अंगानं बारीक. मग त्यांनी उलटीकडून शोध घ्यायचा ठरवलं, म्हणजे माणूस जन्माला यायच्या आधीपासून. १९९३ साली त्यांच्या पथकानं पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. दोन हजारांवर लग्न झालेल्या बायांच्या घरी महिन्याच्या महिन्याला जाऊन पाळीची तारीख लिहून घ्यायची, दिवस राहिले की ती काय खाते, किती काम करते, वजन किती वाढतं, सगळी नोंद करायची. त्या बायांनी ते सगळं करू दिलं. शेताला जायची घाई, पोरं रडतायत, सासू बघतीय, तरी त्यांनी वेळ दिला. आज जगभरातले डॉक्टर मधुमेहावर बोलताना या सहा गावांचा दाखला देतात.

काय निघालं त्यातून? दिवस राहण्याआधी या बायांचं सरासरी वजन होतं ४२ किलोच्या आसपास, उंची पाच फूट. त्यांना झालेल्या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आत, २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्पटन गावच्या बाळांचं वजन साडेतीन किलो. इथवर आश्चर्य काही नाही. पण मग बाळाच्या कातडीची जाडी चिमटा लावून मोजली. आपलं बाळ हातापायानं बारीक होतं, मांस कमी होतं, पण कातडीखालची चरबी त्या मानानं कमी नव्हतीच. नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त निघालं. म्हणजे दिसायला किरकोळ, आतून चरबीचं. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, बारीक पण चरबीदार बाळ.

मोठेपणीही हेच. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज डॉक्टर मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो आहे, २००४ साली डॉक्टरांच्या एका मोठ्या मासिकात छापला होता. उंची आणि वजनाचं गणित दोघांचं तंतोतंत सारखं, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. म्हणून "मी पंचेचाळीस किलोची" हे उत्तर पुरेसं नाही.

आता चरबीचा आणि शुगरचा संबंध काय, ते आपल्या भाषेत सांगते. आपण रात्री पाण्याची पाळी आली की दारं धरायला जातो. पाटातून पाणी येतं, एकेक दार फोडून वाफ्यात सोडायचं. रक्त म्हणजे आपला पाट. जेवणातली साखर म्हणजे पाणी. अंगातले स्नायू, लिव्हर हे वाफे. आणि इन्सुलिन म्हणजे दारं धरणारा गडी. पोटात, लिव्हरभोवती चरबी साठली की दारं गाळानं बुजतात. गडी खोरं मारून मारून दमतो, पण पाणी वाफ्यात जात नाही. पाट तुडुंब आणि वाफा कोरडा. म्हणून शुगर वाढलेल्या माणसाच्या रक्तात साखर भरपूर असते आणि माणूस मात्र गळून गेलेला असतो. काही वर्षांनी गडीच थकतो, मग इन्सुलिन तयार होणं कमी होतं. आपल्याकडच्या बारीक माणसात अडचण दुहेरी आहे. वाफे थोडे, म्हणजे मांस कमी. आणि गडी जन्मापासूनच कमी ताकदीचा.

त्या सहा गावांतली पोरं आता तिशीच्या घरात आहेत. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. मुलांमध्ये शंभरात ३७ आणि मुलींमध्ये १८ जणांची साखर वाढलेली निघाली. आणि यातली जवळपास निम्मी पोरं वजनानं कमी होती. अठरा वर्षांची, सडपातळ, खेड्यातली पोरं. हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं.

मग आईनं खायचं काय? त्या नोंदींतून एक गोष्ट अशी दिसली, की आईनं भाकरी-भात किती खाल्ला यावर बाळाचं वजन फारसं ठरत नव्हतं. ज्या बायांच्या खाण्यात पालेभाजी, फळं आणि दूध होतं, त्यांची बाळं चांगली होती. ज्यांनी गरोदरपणात शेतातली आणि घरातली जड कामं जास्त केली, त्यांची बाळं लहान झाली. आणि तीनांतल्या जवळपास दोन बायांना बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता होती. हे दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं, धान्यातून आणि भाजीतून मिळत नाही. ज्या आयांना बी-१२ कमी आणि फॉलिक अ‍ॅसिड भरपूर, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच दारं बुजायला लागल्याची खूण दिसली. इथं एक सांगून ठेवते, यावरून कुणी आशाताईंनी दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करायची नाही. ती बाळाच्या मणक्यासाठी आणि मेंदूसाठी लागते. दूध-अंडं वाढवायचं आणि बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्याकडं बघा. इंदापूर तालुका. प्रत्येक वस्तीवर गाया, सकाळ-संध्याकाळ डेअरीला कॅन भरून दूध जातं. बागांत पेरू आहे, डाळिंब आहे. आणि घरातली गरोदर सून काय घेते? सगळं दूध डेअरीला घालून उरलेल्या थेंबभर दुधाचा काळा-तांबडा चहा. चांगला पेरू क्रेटमध्ये, डागी पेरू घरात, आणि तोही पोरांना आधी. मी कुणाच्या घरात डोकावून दोष द्यायला बसलेली नाही. डेअरीच्या पगारावर घर चालतं हे मलाही माहीत आहे. पण गरोदर बाईसाठी रोज एक पेला दूध काढून ठेवलं तर डेअरीचं बिल किती कमी होतं, हा हिशेब आमच्या दोन गटांनी बैठकीत मांडला. ज्या सासवांनी तो ऐकला त्यांनी दूध बाजूला काढायला सुरुवात केली. आकडा समोर आला की सासूबाईही ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

आता ताटाकडं येऊ. ज्या आज्या ७२ चा दुष्काळ बघितलेल्या आहेत त्यांना विचारा. मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेत त्यांनी. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं आपल्याकडं ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकी, चिघळ-पाथरीची भाजी. साखर सणाला. चालणं तर बोलायलाच नको. मग नीरेच्या कालव्याचं आणि उजनीचं पाणी फिरलं, ज्वारीच्या रानात ऊस आला, आणि रेशनला गहू-तांदूळ. पाण्यानं आपल्याला पैसा दिला, पोरं शिकली, माझ्यासारखी पोरगी बी.ए. झाली. त्याबद्दल कुरकुर नाही. पण ताट बदललं. भाकरीच्या जागी चपाती आणि भाताचा ढीग, वर तेलाचा तवंग, डाळ-कडधान्य कमी, आणि चहाबरोबर खारी, टोस्ट, बटर. दुकानातली पाच रुपयांची पुडी प्रत्येक पोराच्या हातात. आपण रानातून आलो की पोरगं रडू नये म्हणून पुडी देतो. त्यात मैदा, तेल, मीठ, दुसरं काही नाही.

साखरेचं तर आपल्याकडं वेगळंच आहे. कारखान्याची सभासद-साखर दिवाळीला घरात येते आणि ती संपवलीच पाहिजे असं आपल्याला वाटतं. पाहुण्याला चहा फिका दिला तर घराची इज्जत जाते. तर एक साधा हिशेब करा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणसी दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत साखर ठेवली तर बरं. चहाचे पाच-सहा चमचे. महिन्याला माणसी पाऊण किलो. पाच माणसांच्या घरात महिन्याला पावणेचार किलो. यात बिस्किटातली, थंड पेयातली, शिऱ्यातली सगळी साखर धरायची. आता घरातली किराण्याची यादी काढा आणि साखरेचा आकडा माणसांनी भागा. बैठकीत आम्ही हे केलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर एक काकू म्हणाल्या, "बाई, आम्ही पाच माणसं सहा किलोला लागलोय." तेलाचा डबाही असाच भागून बघा. माणसी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास असावं असं आहारतज्ज्ञ सांगतात.

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला," हेही मी ऐकते. खुरपायला, ऊस लावायला जाणाऱ्या बाईला मी चालायला जा म्हणणार नाही, तिला बसू द्या. पण आपल्यातल्या बऱ्याच जणींची कामं बदललीत. पाणी नळाला, दळण मोटारसायकलवर, वाटण मिक्सरला, रानात मजूर. दिवसभर उभ्या राहतो, दमतो, कंबर दुखते, पण दम लागत नाही. दम लागला, घाम आला, तर दारं मोकळी होतात. जेवण झाल्यावर अंगणात पंधरा मिनिटं चाललं तरी साखर खाली येते. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा, मांडीचं मांस वाढतं, म्हणजे वाफे वाढतात. एकटी बाई सकाळी रस्त्यानं चालली तर लोक बघतात, म्हणून चौघी मिळून जा. कारखान्याचा सीझन चालू असताना अंधारात मोठ्या रस्त्यानं मात्र नको, उसाच्या ट्रॉल्यांना दिवे नसतात.

तपासणीचं सांगते. पहिली तपासणी फुकट आणि घरातच होते. एक सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीएवढी कापा. ती मधोमध दुमडा. आता ती दुमडलेली सुतळी बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून, पोटाभोवती गुंडाळा. दोन्ही टोकं एकमेकांना लागली तर ठीक. नाही लागली तर पोट उंचीच्या मानानं जास्त आहे. शिंप्याची टेप असेल तर बाईचा घेर ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंचाच्या आत पाहिजे, पुरुषाचा ९० सेंटीमीटर म्हणजे साधारण पस्तीस इंचाच्या आत. टेप आत ओढून धरायची नाही. पहिल्या वेळेला सगळ्याच जणी पोट आत घेतात.

दुसरी तपासणी रक्ताची. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाची बीपी आणि शुगर उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासतात, हा सरकारचा कार्यक्रम आहे. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. वय, तंबाखू-मिसरी, पोटाचा घेर, घरात कुणाला शुगर आहे का, हे विचारतात. खरं सांगा. मिसरी लावत असाल तर लावते म्हणा. रक्त द्यायला जाताना रात्रीचं जेवण झाल्यावर आठ तास काही खायचं नाही, सकाळचा चहाही नाही, पाणी चालतं. उपाशीपोटी साखर १०० च्या आत चांगली. १०० ते १२५ म्हणजे आपण उंबऱ्यावर. १२६ किंवा वर आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करतात. तीन महिन्यांच्या सरासरीची एक तपासणी असते, तिच्यात ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. अंगात रक्त फार कमी असेल तर ही तपासणी फसवी येऊ शकते, म्हणून आपलं हिमोग्लोबिन किती आहे ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

उंबऱ्यावर असलात तर घाबरू नका, पण बसूनही राहू नका. वजन जास्त असेल तर थोडं कमी करून, चालून, ताट बदलून कितीतरी माणसं उंबऱ्यावरून माघारी आलीत.

गरोदर बायांसाठी वेगळं. दिवस गेल्यावर ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर बघतात. १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. बाळंतपणानंतर तो बहुतेक वेळा जातो, आणि इथंच आपण विसरतो. ज्या बाईला तो झाला होता तिला पुढं कायमचा मधुमेह व्हायची भीती कितीतरी जास्त असते. बाळंतपणानंतर दीड महिन्यानं आणि मग दरवर्षी तिची तपासणी झालीच पाहिजे. बाळाच्या लसीची तारीख आपण कॅलेंडरवर लिहितो, तिथंच आईची तारीख लिहा.

काही खुणा बाया सांगत नाहीत म्हणून मी सांगते. सारखी तहान, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, जखम न भरणं हे सगळ्यांना माहीत आहे. पण खालच्या जागी खाज येणं, ती पुन्हा पुन्हा येणं, ही पण शुगरची खूण असू शकते. बाया लाजून मेडिकलमधून मलम आणतात, वर्षभर लावतात. मलम लावून साखर उतरत नाही. हातापायाला मुंग्या, तळवा बधिर होणं, चष्म्याचा नंबर सारखा बदलणं, हेही तसंच.

बधिर तळव्याचं ऐका. आमच्या एका गटातल्या चाळिशीच्या ताई, अंगानं अगदी काटकुळ्या. उसाच्या खोडक्यानं पायाला लागलं, दुखलं नाही म्हणून लक्ष दिलं नाही. दुखलं नाही हेच वाईट होतं. हळद भरली, चिंधी बांधली, पंधरा दिवसांनी पाय काळा पडायला लागला तेव्हा दवाखान्यात शुगर कळली. अंगठा काढावा लागला. गटातून कर्ज, वर भावाकडून उसनवारी, दोन म्हशींतली एक विकली. आमच्या कर्जाच्या रजिस्टरला कारण लिहायचा रकाना असतो. शेळी, बियाणं, शाळेची फी या शब्दांच्या मधे मधे आता "दवाखाना" हा शब्द फार दिसतो. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, ते बैठकीत नुसतं म्हणण्यापुरतं राहू नये असं मला त्या रकान्याकडं बघून वाटतं. शुगर असलेल्या बाईनं रानात अनवाणी जाऊ नये, आणि रात्री झोपताना दोन्ही तळवे बघावेत, नजर कमी असेल तर पोरीला दाखवावेत.

गोळ्या चालू असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी. साखर नॉर्मल आली म्हणून गोळी बंद करायची नाही, ती गोळीमुळंच नॉर्मल आलीय. गोळी कमी करायची तर डॉक्टरांना विचारून. आणि उपास. नवरात्राचे नऊ दिवस, एकादशा, गुरुवार, आपले उपास संपत नाहीत. शुगरची गोळी घेऊन किंवा इन्सुलिन टोचून उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, माणूस बरळायला लागतो. अशा वेळी शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि मग काहीतरी खायला द्या. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालू नका, गाडी करा. उपासाच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. साबुदाण्याच्या खिचडीला उपास म्हणणं हे तर मला मुळातच पटत नाही. साबुदाणा म्हणजे नुसतं पीठ, वर बटाटा, वर तूप. भगर आणि शेंगदाण्याची आमटी त्यापेक्षा बरी, तीही थोडी.

आषाढीला तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीला जाते ती आपल्या बावड्यावरूनच. कित्येक जणी तिथून पुढं पंढरपूरपर्यंत चालतात. शुगर असेल तर पिशवीत गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, दोन मोजे आणि साखरेची पुडी ठेवा. आणि वाटेवर आपण वारकऱ्यांना बिस्किटं वाटतो, त्याऐवजी गटांनी यंदा उकडलेल्या शेंगा किंवा मटकीची उसळ द्यावी, असा विचार चार-पाच गटांत चाललाय.

शेवटी नेहमी विचारल्या जाणाऱ्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं देते. साखरेऐवजी गूळ चालतो का? नाही. अंगात गेल्यावर गूळ, काकवी, मध, सगळ्याची साखरच होते. ज्वारीची भाकरी खाल्ली की शुगर जाते का? नाही, भाकरीतही पीठच असतं. चपातीपेक्षा ती बरी आणि पोट लवकर भरतं, पण चार भाकरी आणि मिरचीचा ठेचा असं ताट असेल तर उपयोग नाही. दोन भाकरी, वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ, वाटीभर पालेभाजी, ताक, कांदा-काकडी असं ठेवा. कारल्याचा रस, मेथीचे दाणे? खा, नुकसान नाही, पण गोळीच्या जागी नको. आणि एका आजींनी विचारलं होतं, लघवीला मुंग्या लागल्या नाहीत तर शुगर नाही ना? आजी, लघवीत साखर उतरते ती रक्तातली बरीच वाढल्यावर. मुंग्यांची वाट बघू नका. घराजवळच्या उपकेंद्रात तपासणीचा वार कोणता ते आशाताईंना विचारा, आणि त्या दिवशी उपाशीपोटी, सोबत एक भाकरी बांधून घेऊन या. रक्त दिल्यावर तिथंच खाता येईल.